अंगण, परिवेण आणि निवा : जपानी शब्दांच्या निवडीविषयी

बौद्ध वाङ्मयाच्या भाषांतरात मोठ्या शब्दांची काळजी सर्वच घेतात. निब्बाण, अनत्ता, पटिच्चसमुप्पाद यांसाठी योग्य प्रतिशब्द कोणता, याविषयी पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. विहाराच्या जमिनीचे, भिंतीचे, ओसरीचे आणि अंगणाचे शब्द मात्र क्षुल्लक समजले जातात. कोशात पहिला जो शब्द सापडेल तो उचलला जातो. जपानमधील बौद्ध विहारांविषयीचे बरेचसे लेखन मराठीत इंग्रजीच्या वाटेने येते. त्यामुळे तेथील प्रत्येक मोकळी जागा आधी 'गार्डन' होते आणि मग मराठीत 'बाग' किंवा 'मंदिराचे प्रांगण' होऊन बसते. उलट दिशेनेही हीच गत आहे. आपल्याकडील लेणी आणि संघाराम यांचे वर्णन जपानी यात्रेकरूंसाठी करताना 'नाकानिवा' हा एकच शब्द सर्वत्र वापरण्याचा मोह होतो.

अंगणाचा शब्द केवळ आकारावरून ठरत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. ही जागा कशाने वेढली आहे? येथे कोणते कार्य होते? आणि येथे कोणाला उभे राहण्याचा अधिकार आहे? जपानी भाषेने या तिन्ही प्रश्नांची नोंद शब्दांत करून ठेवली आहे. प्रस्तुत लेखात त्या शब्दांची आणि त्यांच्या प्रचलित भाषांतरांची चिकित्सा करावयाची आहे.

निवा म्हणजे बाग नव्हे

'निवा' हा मूळ शब्द. आज कोणत्याही शब्दकोशात त्याचा अर्थ 'बाग' असा मिळेल आणि आधुनिक बोलीत तो चूकही नाही. परंतु प्राचीन जपानीत निवा म्हणजे काही कार्य करण्यासाठी राखलेली सपाट, मोकळी जागा. ते कार्य धार्मिक असेल, दरबारी असेल किंवा कष्टाचे असेल. 'मान्योशू' या आठव्या शतकातील काव्यसंग्रहात मासेमारीस योग्य अशा शांत समुद्रपृष्ठालाही निवा म्हटले आहे. जपानी शेतकऱ्याच्या जुन्या घरात छपराखालची मातीची जमीन, जेथे धान्य कांडले जाई आणि दोर वळले जात, तीही निवाच. क्योतोच्या जुन्या व्यापारी घरांत दर्शनी दारापासून मागील बाजूपर्यंत जाणारा, चुलींचा मातीचा पट्टा असतो. त्याला 'तोरिनिवा' म्हणतात. त्यावर छप्पर आहे, झाड एकही नाही. त्याला बाग कोणत्या अर्थाने म्हणावे? 'जागा' या अर्थाचा 'बा' हा जपानी शब्द निवापासूनच झाला असे मानले जाते.

आपल्या 'खळे' या शब्दाची येथे आठवण व्हावी. देशावर खळे म्हणजे मळणीची जागा आणि कोकणात घरापुढचे अंगणही खळेच. कार्यावरून जागेला नाव मिळते, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा सबळ पुरावा इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या इतिवृत्तात आहे. सोगा नो उमाको हा जपानमधील बौद्ध धम्माचा आरंभीचा मोठा आश्रयदाता होता. त्याने उभारलेल्या आसुका-देरा या विहाराचे काम ५८८ मध्ये सुरू झाले. तो ६२६ मध्ये मरण पावला. त्याच्या मृत्यूची नोंद करताना ग्रंथकार सांगतो की, त्याने आपल्या निवामध्ये लहान तळे खोदून त्यात लहानसे बेट उभे केले होते आणि म्हणून लोक त्याला 'शिमाचा अमात्य' म्हणत. शिमा म्हणजे बेट. रचलेल्या बागेलाही त्या काळी शिमा म्हणत. म्हणजे निवा ही जमीन आणि शिमा ही त्या जमिनीत केलेली रचना. एकाच वाक्यात हे दोन शब्द दोन अर्थांनी आले असताना, दोहोंसाठी 'बाग' लिहिणारा भाषांतरकार ते वाक्यच निरर्थक करतो.

त्याच ग्रंथातील ६१२ सालची नोंद आपल्या वाचकांना अधिक विचार करावयास लावील. कोरियातील पेक्चे राज्यातून एक माणूस जपानमध्ये आला. त्याच्या अंगावर व चेहऱ्यावर पांढरे डाग होते. लोकांनी त्याला अशुभ ठरवून समुद्रातील बेटावर सोडून देण्याचा बेत केला. त्यावर त्याने विचारले की, डागांचा एवढा तिटकारा असेल तर देशात ठिपकेदार गाई-घोडे कसे पाळता? आणि मला डोंगर रचण्याची विद्या येते, तिचा राज्याला उपयोग होईल. मग त्याच्याकडून राजवाड्याच्या दक्षिण अंगणात सुमेरू पर्वताची प्रतिकृती आणि एक पूल बांधून घेण्यात आला. येथे मूळ शब्द आहे 'नान्तेई', म्हणजे दक्षिणेकडील दरबारी अंगण. राजसत्ता दक्षिणाभिमुख बसे आणि तिच्या समोरच्या या मोकळ्या भूमीवर अधिकारी दर्जानुसार उभे राहत. ज्याला बेटावर टाकून देणार होते, त्याच्या हातचे काम राज्याच्या सर्वांत प्रतिष्ठित अंगणात उभे राहिले. 'बागेत सुमेरू बांधला' या भाषांतरात ही सगळी गोष्ट नाहीशी होते.

वेढा, दिशा आणि आकार

घराच्या संदर्भात जपानी शब्द बरेच स्पष्ट आहेत. घरापुढील अंगण 'माएनिवा', औपचारिक भाषेत 'झेन्तेई'. मागील परसदार 'उरानिवा'. चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेला चौक 'नाकानिवा'. आपल्या चौसोपी वाड्यातील चौकाला नाकानिवा म्हणावे, यात संशय नाही. घरांच्या दाटीत उजेड-वाऱ्यासाठी सोडलेला, कसाबसा एखाद्या खोलीएवढा हिरवा तुकडा म्हणजे 'त्सुबोनिवा'. त्सुबो हे क्षेत्रफळाचे मापही आहे, सुमारे ३.३ चौरस मीटर. त्सुबोनिवा प्रायः पाहण्यासाठी असते, वावरण्यासाठी नसते. नाकानिवा आणि त्सुबोनिवा यांतील भेद हा केवळ लहान-मोठेपणाचा नसून वापराचाही आहे.

या त्सुबो शब्दाने मोठमोठ्या भाषांतरकारांची परीक्षा पाहिली आहे. मुरासाकी शिकिबू हिच्या 'गेन्जी मोनोगातारी'चे पहिले प्रकरण 'किरित्सुबो'. किरी हा वृक्ष, आणि त्सुबो म्हणजे राजवाड्याच्या अंतःपुरातील दोन इमारतींमधला लहान चौक. त्या चौकातील झाडावरून चौकाला, चौकावरून इमारतीला आणि इमारतीवरून तेथे राहणाऱ्या स्त्रीला नाव मिळाले. ही इमारत अंतःपुराच्या ईशान्य कोपऱ्यात, सम्राटाच्या निवासापासून दूर होती. त्यामुळे सम्राटाकडे जाताना त्या स्त्रीला इतर राण्यांच्या दारांवरून जावे लागे आणि तिचा छळ होई. नावातील चौक म्हणजे तिच्या दुःखाचा पत्ताच होय.

आर्थर वेली यांनी १९२५ मध्ये मूळ शब्दच ठेवला. एडवर्ड साइडनस्टिकर यांनी १९७६ मध्ये 'कोर्ट' हा शब्द योजला. इंग्रजीत त्याचा अर्थ चौकही होतो आणि दरबारही. ही द्व्यर्थता सोयीची असली तरी वाचकाचे मन दरबाराकडेच अधिक ओढले जाते. रॉयल टायलर यांनी २००१ मध्ये मंडप-वाचक शब्द घेतला. त्यात इमारत राहिली, पण चौक गेला. डेनिस वॉशबर्न यांनी २०१५ मध्ये झाड, चौक, दालन आणि स्त्री अशी चारही अंगे शीर्षकात घातली. अर्थ पूर्ण आला, पण नावाचे नावपण उरले नाही. माझ्या मते वेली यांचा निर्णय सर्वांत प्रामाणिक आहे. मात्र त्याला मजकुरात एका वाक्याच्या खुलाशाची जोड हवी होती. जेथे एका शब्दात वस्तू, स्थान आणि व्यक्ती एकवटलेली असते, तेथे शब्द तसाच ठेवणे हा भाषांतरकाराचा पराभव नव्हे.

गारान आणि इन

विहाराच्या संदर्भात प्रश्न अधिक नाजूक होतो. जपानी भाषेतील 'गारान' हा शब्द 'संघाराम' या आपल्या शब्दाच्या चिनी लिप्यंतराचा संक्षेप आहे. बौद्ध विहाराची मुख्य वास्तुरचना असा त्याचा अर्थ. दक्षिणेकडे द्वार, चारही बाजूंनी 'काईरो' ही छप्पर असलेली ओवरी, आणि आतील मोकळ्या भूमीवर स्तूपाचे जपानी रूप असलेला मनोरा व बुद्धमूर्तीचे सुवर्णगृह. ओसाका येथील शितेन्नो-जीमध्ये द्वार, मनोरा, सुवर्णगृह व उपदेशगृह एका सरळ रेषेत आहेत. ६७० च्या आगीनंतर पुन्हा उभारलेल्या होर्यू-जीमध्ये मनोरा व सुवर्णगृह शेजारी शेजारी आहेत. नाराच्या तोदाई-जीमध्ये मनोरे ओवरीच्या बाहेर गेले. अंगणाच्या मध्यातून स्तूप कडेला सरकला आणि मूर्तिगृह मध्यभागी आले. बौद्ध आचारातील एक मोठे स्थित्यंतर त्या अंगणाच्या नकाशावरून वाचता येते.

या भूमीला 'मंदिराचे प्रांगण' म्हणताना मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सभामंडप, गाभारा आणि प्रदक्षिणामार्ग उभा राहतो. आरंभीच्या जपानी विहारांत सुवर्णगृह हे बुद्धमूर्तीचे घर असे आणि समारंभ त्याच्या समोरच्या अंगणात होत. ७५२ मध्ये तोदाई-जीच्या महाबुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन समारंभ बोधिसेन या भारतीय भिक्खूच्या हस्ते झाला, तेव्हा मोठा भिक्खुसमुदाय प्रासादासमोरील अंगणातच जमला होता. पालि अट्ठकथांतील 'चेतियंगण' हा शब्द या जागेला किती जवळचा आहे! चेतियाभोवतीचे झाडून स्वच्छ ठेवलेले, सर्वांनी जमण्याचे ते अंगण. म्हणून गारानसाठी 'संघाराम' आणि त्यातील मध्यवर्ती भूमीसाठी 'चेतियांगण' हे शब्द योजावेत असे मला वाटते. आपल्याच घरातून गेलेला शब्द परत येताना त्याला परक्याचे कपडे घालू नयेत.

याउलट 'केइदाई' हा शब्द विहाराच्या संपूर्ण आवारासाठी आहे. शब्दशः अर्थ 'सीमेच्या आत'. यासाठी मराठीत 'आवार' हाच शब्द चपखल. चेतियांगणाला केइदाई म्हणणे म्हणजे चौकाला वाडा म्हणण्यासारखे आहे.

'इन' हा शब्द तर सर्वांत फसवा. ब्योदो-इनसारख्या नावांत तो विहाराचे उपपद म्हणून येतो आणि भाषांतरात 'मंदिर' होतो. मूळ चिनी अर्थ मात्र तटबंदीने वेढलेले अंगण व त्यातील इमारती असा आहे. एका मोठ्या विहारात असे अनेक इन असत. होर्यू-जीचे पश्चिम इन आणि पूर्व इन आजही त्याच नावांनी ओळखले जातात. पालि विनयातील 'परिवेण' याच्याशी त्याची तुलना करावी. अनाथपिंडिकाने जेतवनात विहारांबरोबर परिवेणे बांधल्याचा उल्लेख चुल्लवग्गात आहे. श्रीलंकेत परिवेण शब्दाचा 'पिरिवेन' होऊन त्याचा अर्थ भिक्खूंची पाठशाळा असा झाला. भारताच्या दक्षिणेस अंगणाची शाळा झाली आणि पूर्वेस अंगणाचा विहार झाला. दोन्हीकडे अंगणाच्या शब्दानेच संस्थेचे रूप घेतले.

विनयातील एक तपशील येथे नोंदविण्याजोगा आहे. परिवेणात चिखल होऊ लागला, तेव्हा तथागतांनी तेथे खडी पसरण्यास, फरशी घालण्यास आणि पाणी वाहून जाण्यासाठी मोरी करण्यास अनुज्ञा दिली. जपानी विहारांतील पांढऱ्या खडीचा उगम यातच आहे, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु त्या खडीकडे पाहताना केवळ गूढ शून्यतेच्या गोष्टी सांगणाऱ्यांना एवढे अवश्य स्मरावे की, विहाराच्या अंगणातील खडीचा पहिला प्रश्न चिखलाचा होता.

रोजी : आकाशाखालची भूमी

चहापानाच्या कुटीकडे नेणाऱ्या वाटेच्या अंगणाला 'रोजी' म्हणतात. सोळाव्या शतकात हा शब्द प्रायः 'वाट' या अर्थाच्या चिन्हांनी लिहिला जाई. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या परंपरेत पुढे 'दंव' आणि 'भूमी' ही चिन्हे रूढ झाली. इंग्रजीत त्याचे 'दवभिजली वाट' असे काव्यमय भाषांतर होते आणि पर्यटकांच्या पुस्तिकांत ते फार आवडीने छापले जाते.

हे भाषांतर सुंदर आहे, पण अपुरे आहे. त्या पहिल्या चिन्हाचा दुसरा अर्थ 'उघडे' असा आहे. कुमारजीवाने ४०६ मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चिनी भाषांतरात, जळत्या घराच्या दृष्टान्तात हाच शब्द येतो. आग लागलेल्या घरातून बाहेर पडलेली मुले जेथे निर्भयपणे बसतात ती उघडी भूमी म्हणजे रोजी. आणि धुतांगांच्या चिनी यादीत, उघड्यावर बसण्याच्या व्रतासाठीही हाच शब्द योजला आहे. पालि परंपरेतील तेरा धुतांगांपैकी ते 'अब्भोकासिकंग' होय. अब्भोकास म्हणजे मोकळे आकाश. गृहस्थजीवन कोंदट आणि प्रव्रज्या अब्भोकासासारखी मोकळी, ही उपमा निकायांत वारंवार येते. म्हणून चहाच्या संदर्भात लिहिताना रोजीला 'दवभूमी' म्हणणाऱ्याने तिच्यामागचा 'अब्भोकास' सांगितला नाही, तर त्याने शब्दाचे अर्धेच भाषांतर केले. आणि शहरातील साध्या गल्लीसाठीही जपानीत रोजी हाच उच्चार आहे, मात्र चिन्हे वेगळी. तेथे सरळ 'बोळ' लिहावे. प्रत्येक बोळात दंव शोधू नये.

अंगण कोणाचे?

आता तिसरा प्रश्न. अंगणाचे शब्द हे दर्जाचेही शब्द आहेत. हेआन काळात सम्राटाच्या दालनात चढण्याचा अधिकार नसलेल्या अधिकाऱ्यांना 'जिगे', म्हणजे खाली भूमीवरचे, असे म्हणत. एदो काळातील न्यायालयाची पांढऱ्या खडीची जागा 'शिरासु'. तेथे सामान्य माणूस खाली बसे आणि वरच्या दर्जाचा माणूस ओसरीवर. कोणाला ओसरीवर घ्यावयाचे आणि कोणाला अंगणातच थांबवावयाचे, हा हिशेब आपल्या समाजाला नवा नाही. शिरासुला 'खडीचे अंगण' म्हटले तर वर्णन बरोबर होते, पण अर्थ हातून निसटतो.

'केक्काई' हा शब्दही असाच. विनयातील सीमाबंधनाचे ते भाषांतर. संघकर्मासाठी सीमा आखणे हा मूळ हेतू. जपानमध्ये त्याच शब्दाने स्त्रियांना पवित्र पर्वतांवर येण्यास बंदी करणारी 'न्योनिन केक्काई' उभी राहिली. १८७२ मध्ये मेइजी शासनाने आज्ञा काढून ती रद्द ठरविली. संघाच्या एकत्र बसण्याची रेषा ही लोकांना बाहेर ठेवण्याची रेषा झाली. भाषांतरकाराने दोन्ही ठिकाणी 'पवित्र सीमा' लिहिले, तर हा अधःपात वाचकाला दिसणारच नाही.

सर्वांत मोठा अन्याय 'झेन गार्डन' या शब्दाने झाला आहे. हा शब्दप्रयोग इंग्रजीत १९३५ साली लोरेन कुक यांच्या क्योतोच्या बागांवरील पुस्तकात येतो, हे विबे कुइटर्ट यांनी दाखविले आहे. जुन्या जपानी नोंदींत असा शब्द नाही. तेथे शब्द आहेत ते जागेचे आणि करणाऱ्यांचे. मठाधिपतीच्या निवासाला 'होजो' म्हणतात. वैशालीच्या विमलकीर्ती या उपासकाच्या लहानशा चौरस खोलीवरून ते नाव आले. त्या होजोच्या दक्षिणेकडील अंगण मुळात समारंभासाठी मोकळे ठेवलेले असे. र्योआन-जीचे जगप्रसिद्ध पंधरा दगडांचे अंगण, सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, हे अशाच दक्षिण अंगणात आहे.

आणि करणारे कोण? मुरोमाची काळातील अशा रचनांच्या कामावर 'सेन्झुई कावारामोनो' होते. कावारामोनो म्हणजे नदीकाठच्या ओसाड, करमुक्त जमिनीवर राहणारे लोक. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे, दगड-झाडे हलविणे ही त्यांची कामे. त्यांना अपवित्र मानले जाई. शोगुन आशिकागा योशिमासा याच्या पदरी असलेला झेनामी हा त्यांच्यातलाच. तो १४८२ मध्ये वृद्धापकाळी वारला. त्याचा नातू माताशिरो याचे बोलणे शोकोकू-जीच्या एका भिक्खूने १४८९ मध्ये आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. खाटकाच्या कुळात जन्म झाल्याचे आपल्याला दुःख आहे, म्हणून आपण कोणाचा जीव घेत नाही आणि धनाचा लोभ धरीत नाही, असे तो म्हणाला. त्या रोजनिशीचे पान वाचताना प्रश्न पडतो की, शीलवान कोण होता? अंगण पाहत बसलेला, की ते रचणारा? र्योआन-जीच्या एका दगडाच्या मागील बाजूस दोन नावे कोरलेली आहेत. एक 'कोतारो' असे वाचता येते, दुसरे अर्धवट पुसलेले आहे. ती कावारामोनो कारागिरांची असावीत असे अभ्यासक मानतात. 'झेन गार्डन' म्हटले की ध्यान करणारा भिक्खू दिसतो. 'कावारामोनोंनी रचलेले होजोचे दक्षिण अंगण' म्हटले की दगड ओढणारे हातही दिसतात. दुसरे वर्णन लांब आहे, पण खरे आहे.

आपल्या जागांसाठी जपानी शब्द

या विवेचनाचा उपयोग आपल्या व्यवहारातही आहे. नालंदेच्या विहारांतील, भिक्खूंच्या खोल्यांनी वेढलेल्या उघड्या चौकाला नाकानिवा म्हणावे. अजिंठ्याच्या विहारलेण्यांतील मधल्या जागेला मात्र तो शब्द लागू नये. तिच्यावर डोंगराचे छत आहे. तेथे 'दालन' या अर्थाचा 'हिरोमा' योग्य. कार्ल्याच्या चैत्यापुढे, सिंहस्तंभाजवळची जागा म्हणजे 'झेन्तेई'. विहाराचे एकूण आवार 'केइदाई'.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या मैदानावर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांना धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीला काय म्हणावे? 'हिरोबा', म्हणजे चव्हाट्याचे मैदान, हा शब्द आकाराला न्याय देतो, घटनेला नाही. 'केइदाई' सीमा सांगतो, आणि ती भूमी तर सीमा मोडण्याची आहे. जुन्या जपानीत 'नोरी नो निवा' असा एक प्रयोग आहे. नोरी म्हणजे धम्म. जेथे धम्म सांगितला व ऐकला जातो ते अंगण. येथे निवा शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे कार्याची भूमी, पूर्णपणे जागा आहे. दीक्षाभूमीसाठी याहून समर्पक जपानी शब्द मला दिसत नाही.

पालि भाषेत 'अंगण' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मोकळी जागा, दुसरा मनाचा मळ. मज्झिमनिकायातील अनंगण सुत्तात दुसरा अर्थ आहे. तेथे सारिपुत्त सांगतात की, आपल्यात मळ आहे हे ज्याला माहीत आहे तो, ते माहीत नसलेल्यापेक्षा श्रेष्ठ. भाषांतरालाही हा निकष लावता येईल. कोणताही प्रतिशब्द निर्मळ नसतो. आपण निवडलेल्या शब्दाने काय झाकले गेले, हे ज्याला माहीत असते, त्याचे भाषांतर विश्वासार्ह समजावे.